‘क्लासला जाते ना ती? मग शाळेत गाणं कशाला?’

पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी राज्य मंडळाच्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत सातवीत शिकते. येत्या जूनपासून आठवी ते दहावीच्या वेळापत्रकातले संगीताचे दोन आणि चित्रकलेचे दोन तास काढून तिथे गणित-विज्ञानाचा ‘फाउंडेशन’ कोर्स घ्यायचा, असा प्रस्ताव शाळेने मांडला आहे. कोर्स बाहेरची संस्था घेईल. संगीताच्या बाईंना महिन्यातल्या एका शनिवारी ‘ॲक्टिव्हिटी डे’पुरतं बोलावलं जाईल. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत या ताईंचं नाव चिठ्ठीने निघालं आहे आणि पुढच्या बैठकीत हा विषय येणार आहे. मुलगी बाहेर हार्मोनियमच्या क्लासला जाते, तिने संगीताची ‘प्रवेशिका प्रथम’ ही परीक्षाही दिली आहे. नवरा म्हणतो, ‘‘आपली मुलगी शिकतेच आहे. शाळेत अभ्यास होऊ दे. तू कशाला वाईटपणा घेतेस?’’ पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचाही सूर तोच आहे. ताईंना हे पटत नाही, पण का पटत नाही ते मांडता येत नाही. विरोध केला तर शाळा मुलीवर राग काढेल का, शाळाच बदलावी का, असं त्या विचारतात. शिवाय, ‘संगीतामुळे मुलांचं गणित सुधारतं म्हणे, त्याचे पुरावे द्या, म्हणजे बैठकीत मांडेन,’ अशी विनंतीही केली आहे.

प्रिय ताई,

आधी तुमच्या शेवटच्या विनंतीबद्दल बोलते. संगीताने गणित सुधारतं हा मुद्दा बैठकीत काढू नका. तो तुमच्यावरच उलटेल.

या समजाचं मूळ १९९३च्या एका छोट्या प्रयोगात आहे. अमेरिकेत ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्टची रचना ऐकवली आणि मग आकृत्यांवर मनातल्या मनात विचार करून सोडवायची चाचणी दिली. गुण थोडे वाढले आणि दहा-पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरला. तेवढ्यावरून पुढे तान्ह्या बाळांना ऐकवायच्या सीडी विकल्या गेल्या. नंतर मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी कॅनडात टोरांटोत सहा वर्षांच्या १४४ मुलांना कीबोर्ड, गायन, नाटक आणि काहीच नाही अशा गटांत विभागलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा जेमतेम तीन गुणांनी जास्त वाढलेला दिसला. नाटकाच्या गटातल्या मुलांचं इतरांशी वागणं मात्र सुधारलं होतं. त्यानंतर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा जिथे प्रयोगाची आखणी काटेकोर होती तिथे गणित-वाचनातला फायदा जवळपास शून्यावर आला.

समजा बैठकीत तुम्ही म्हणालात, ‘‘गाण्याने गणित सुधारतं,’’ तर कुणीतरी सरळ विचारेल, ‘‘मग गणितच शिकवू या की, गाण्याच्या वाटेने कशाला जायचं?’’ आणि त्यावर उत्तर राहणार नाही. गाणं आणि चित्र शाळेत हवं ते गाण्यासाठी आणि चित्रासाठीच.

पुरावा द्यायचाच असेल तर अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचा द्या. तिथल्या ४२ शाळांत, दहा हजारांहून अधिक मुलांबाबत, कोणत्या शाळांना कलाशिक्षणाची जोड आधी द्यायची हे सोडत काढून ठरवलं. जिथे ती मिळाली तिथे शिस्तभंगाच्या तक्रारी कमी झाल्या, मुलांचं लेखन सुधारलं, दुसऱ्याबद्दलची कणव वाढलेली दिसली. गणित-विज्ञानाच्या गुणांत ठळक फरक पडला नाही. म्हणजे कलेला वेळ दिला म्हणून ते गुण घसरलेही नाहीत. तुमच्या ग्रुपवरच्या पालकांची खरी भीती ‘तास वाया जातील आणि मुलं मागे पडतील’ हीच आहे. तिला उत्तर द्यायला एवढं पुरेल.

आता तुम्हाला जे पटतंय पण मांडता येत नाही, त्याकडे येते.

चित्रकलेच्या तासाला वस्तुचित्र काढताना टेबलावर पितळी तांब्या ठेवलेला असतो. पहिल्या प्रयत्नात बहुतेक मुलं तांब्याचं तोंड पूर्ण गोल काढतात आणि बूड पट्टीने आखल्यासारखं सरळ. तोंड गोल आहे हे त्यांना माहीत असतं, म्हणून ती जे माहीत आहे ते काढतात. समोर दिसतंय ते काढत नाहीत. सर मागे येऊन उभे राहतात आणि म्हणतात, ‘‘डोळ्याच्या रेषेत बघ. तुला गोल दिसतोय का?’’ मूल पेन्सिल उभी धरून, एक डोळा मिटून मोजतं आणि त्याच्या लक्षात येतं की तोंड चपट्या लंबगोलासारखं दिसतंय आणि बुडालाही हलकासा बाक आहे. शेजारच्या बाकावरून तोच तांब्या आणखी वेगळा दिसतो, आणि तेही चित्र बरोबरच असतं. आपल्याला माहीत आहे आणि आपल्याला दिसतंय, यात फरक असू शकतो, हे त्या मुलाला कुणी भाषण देऊन सांगितलेलं नसतं. ते त्याच्या हाताने शोधलेलं असतं.

संगीताच्या तासाचंही तसंच. पंचेचाळीस मुलं हातावर तीनताल धरतात. सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे हात नुसता बाजूला न्यायचा. नवव्या मात्रेवर दहा-बारा टाळ्या हमखास ऐकू येतात. बाई थांबत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून घेतात. चार आवर्तनांनंतर ती खाली खरोखर रिकामी होते. वर्गातल्या प्रत्येकाने एकाच क्षणी आवाज न करायचं ठरवलेलं असतं, आणि त्यासाठी प्रत्येकाला बाकीच्यांचं ऐकावं लागलेलं असतं. शाळेच्या वेळापत्रकात एवढ्या सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट करायचे तास फार थोडे असतात. बाकी वेळ ज्याचा त्याचा पेपर आणि ज्याचे त्याचे गुण.

हे तुमच्या मुलीला क्लासमध्ये मिळत नाही, आणि ‘ती क्लासला जातेच’ या म्हणण्यातली पहिली गफलत इथे आहे. क्लासमध्ये ती एकटी किंवा चार-पाच जणींबरोबर पेटी शिकते. तिला तिथे तयारी मिळते आणि ती मोलाची आहे. पण वर्गातल्या बेसूर मैत्रिणीला सांभाळून घेत गाणं, जिला काहीच येत नाही तिच्या शेजारी बसून शिकणं, हे शाळेतच घडतं.

दुसरी गफलत मोठी आहे. तुमच्या मुलीचं भागेल हो, पण वर्गातल्या इतरांचं काय? शिक्षण हक्क कायद्यानुसार तुमच्यासारख्या विनाअनुदानित शाळांत (अल्पसंख्याक संस्थांच्या सोडून) प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी असतात आणि त्यांचं शिक्षण आठवीपर्यंत मोफत असतं. त्याच बाकांवर रिक्षाचालकाची, सोसायटीत स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची मुलं बसलेली असतात. त्यांच्या घरून पेटीच्या क्लासची फी निघत नाही. रंग, ब्रश आणि ड्रॉइंग बोर्ड यांचा खर्चही आधी विचारून करावा लागतो. त्यांच्यासाठी संगीत आणि चित्रकला म्हणजे हेच चार तास. ‘ज्यांना हवंय त्यांनी बाहेर क्लास लावावा,’ असं ग्रुपवर लिहिलं जातं तेव्हा प्रत्यक्षात ‘ज्यांना परवडतंय त्यांनी लावावा’ असं ठरत असतं. बैठकीत तुमच्या मुलीबद्दल बोलू नका. या मुलांबद्दल बोला. मग ‘तुमच्या मुलीला आवड आहे म्हणून तुम्ही भांडताय’ असं कुणाला म्हणता येणार नाही.

पुण्याला तर हा प्रश्न नवा नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते गाणं घराण्यांच्या आणि दरबारांच्या बाहेर आणून वर्गात शिकवता यावं म्हणून. भास्करबुवा बखल्यांनी १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज उभा केला. पलुसकरांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये इथे गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. गाणाऱ्या घरात न जन्मलेल्या मुलामुलींना गाणं शिकता यावं, यासाठी या माणसांनी आयुष्यं घातली. तुमची मुलगी ज्या प्रवेशिका प्रथमला बसली ती परीक्षाही त्याच खटपटीतून आलेली आहे. शेवटी त्या शिक्षणाची जागा पुन्हा फी भरू शकणाऱ्यांच्या घरापुरतीच उरणार असेल, तर मला ते फार दुःखाचं वाटतं.

आणि शाळेतलं संगीत गायक घडवण्यासाठी नसतंच. सवाई गंधर्व महोत्सव कित्येक वर्षं रमणबाग शाळेच्या मैदानावर भरायचा. तिथे सतरंजीवर तासन्‌तास बसणारे हजारो लोक गायक नव्हते. बँकेत, टपाल खात्यात, कारखान्यात नोकरी करणारी माणसं होती ती. कान कुठेतरी तयार झालेला असल्याशिवाय माणूस डिसेंबरच्या थंडीत असा बसत नाही.

आता एक कटू गोष्ट. बैठकीत मुख्याध्यापिका किंवा एखादे पालक म्हणतील, ‘‘तसेही त्या तासाला काय होतं?’’ त्यांचं म्हणणं अनेक शाळांबाबत खरं आहे. संगीताच्या तासाला गणिताचा राहिलेला पोर्शन संपवला जातो. चित्रकलेच्या तासाला फळ्यावरचं निसर्गचित्र उतरवून घेतलं जातं, दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक झोपडी. मग गॅदरिंगला बाहेरून कोरिओग्राफर बोलावून, रेकॉर्ड लावून नाच बसवायचा आणि त्याला कलाशिक्षण म्हणायचं. तुमच्या शाळेत असं होत असेल तर ते मान्य करा. नुसते तास वाचवण्यासाठी भांडू नका, तासाला काय शिकवलं जाईल हेही मागा. तास वाईट चालतो म्हणून तो काढून टाकायचा, हा न्याय आपण इंग्रजीला किंवा गणिताला लावत नाही. तिथे शिक्षक बदलतो, पद्धत बदलतो.

करायचं काय, ते सांगते. तुमच्यासारख्या इतर पालकांनाही याचा उपयोग व्हावा.

बैठकीआधी संगीताच्या बाई आणि चित्रकलेचे सर यांना भेटा. त्यांचं नाव कुठेही न आणता त्यांना काय वाटतं, आठवीत ते काय शिकवणार होते, हे विचारून घ्या. अशा प्रस्तावांत ज्यांचे तास जाणार असतात त्यांना बहुधा कुणी विचारलेलंच नसतं.

मग शाळेला काही साधे प्रश्न लेखी विचारा. राज्य मंडळाच्या शाळांत आठवीपर्यंत कला विषयाचं मूल्यमापन होतं आणि प्रगतिपुस्तकात त्याची श्रेणी येते. नववी-दहावीला ‘स्वविकास व कलारसास्वाद’ हा श्रेणी विषय आहे. तास नसतील तर या श्रेण्या कशाच्या आधारे देणार? माझ्या मते हा तुमचा सगळ्यात भक्कम प्रश्न आहे, कारण न शिकवलेल्या विषयाची श्रेणी लिहायला कुठल्याही मुख्याध्यापिकेला अवघडच वाटेल. दुसरं, शिक्षण हक्क कायदा २००९च्या परिशिष्टात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभराच्या वर असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, असावा, असं म्हटलेलं आहे. महिन्यातून एका शनिवारी येणाऱ्या बाई त्यात कशा बसतात? तिसरं, फाउंडेशन घेणाऱ्या बाहेरच्या संस्थेचे पैसे कुठून येणार? खासगी शाळांची फी ठरवण्याच्या प्रक्रियेत २०११च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीला स्थान दिलं आहे. तुम्ही त्या समितीवर आहात. हा खर्च उद्या फीमध्ये येणार का, हे विचारणं म्हणजे वाईटपणा घेणं नव्हे, ते तुमचं कामच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर अशा कडक भिंती नकोत असं स्पष्ट म्हटलं आहे, त्याचाही उल्लेख करा. पण नुसत्या धोरणाच्या आधारावर बैठक जिंकता येत नाही.

पालकांना पटकन कळणारा आणखी एक मुद्दा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना मुलं शाळेमार्फत बसतात आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात. चित्रकलेचे सरच नसतील तर संकल्पचित्राची, अक्षरलेखनाची, कर्तव्यभूमितीची तयारी कोण करून घेणार? गुणांसाठी कला हा विचार मला स्वतःला प्रिय नाही. तरी ग्रुपवरच्या दहा पालकांपैकी चार जण या एका मुद्द्यावर थांबून विचार करतील, म्हणून तो जरूर मांडा.

नुसता नकार घेऊन जाऊ नका, सोबत एक पर्यायही न्या. ज्यांना फाउंडेशन हवंय त्यांच्यासाठी ते शाळा सुटल्यावर किंवा शनिवारी ठेवावं, सक्ती नसावी. अगदीच अडलं तर संगीताचा एक आणि चित्रकलेचा एक असे दोन तास प्रत्येक आठवड्याला राहिलेच पाहिजेत, यावर ठाम राहा. महिन्यातून एक अख्खा दिवस आणि आठवड्यातून एक तास यांत आठवड्याचा तास कधीही चांगला. ताल हातात बसायला तो पुन्हा पुन्हा धरावा लागतो, महिन्याने भेटलेला ताल विसरलेला असतो. कोर्स पहिल्या सत्रापुरता, म्हणजे दिवाळीपर्यंत चालवून मग आढावा घ्यावा, अशीही मागणी करता येईल.

काही पालक उत्साहाने म्हणतील, ‘‘आपणच येऊन शिकवू.’’ मदत जरूर घ्या. कुणी तबला वाजवणारे आजोबा असतील तर त्यांना वर्गात बोलवा, मुलांना बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेऊन जुनी वाद्यं दाखवा. मात्र या मदतीच्या बदल्यात शिक्षकाची जागा जाऊ देऊ नका. हौशी पालक दोन-तीन वर्षांत मुलाबरोबर शाळेतून बाहेर पडतात आणि मग मागे काहीच उरत नाही.

मुलीवर राग निघेल या भीतीबद्दल. ती भीती अगदीच निराधार आहे असं म्हणून मी तुम्हाला बरं वाटवणार नाही. पण एकट्या आईने बैठकीत आवाज चढवणं आणि सहा-सात पालकांनी मिळून सौम्य भाषेत पत्र देणं यात खूप फरक आहे. सह्यांमध्ये वेगवेगळ्या इयत्तांचे पालक असू द्या. प्रश्न इतिवृत्तात नोंदवायला सांगा. नोंद झालेल्या प्रश्नाबद्दल कुणा एका मुलीला त्रास देणं शाळेलाही परवडत नाही. मुलीला यात ओढू नका, तिच्या हाती निरोप किंवा चिठ्ठ्या पाठवू नका.

नवऱ्याशी बोलताना ‘तुम्हाला कलेची किंमत नाही’ हे वाक्य टाळा. तुमच्या पत्रावरून तरी ते मुलीच्या क्लासची फी विनातक्रार भरणारे वडील आहेत. त्यांची काळजी पुढच्या प्रवेशपरीक्षांची आहे आणि ती खरी आहे. त्यांना एवढंच विचारा, की आठवड्याच्या चार तासांत शाळेने भरलेलं फाउंडेशन आपल्या मुलीला नक्की काय देणार? अकरावीत प्रवेशपरीक्षेचा वेगळा क्लास लावावा लागणारच असेल, तर आत्ता तेराव्या वर्षी तिच्याकडून हे तास काढून घेण्याची घाई कशाला? आणि तिच्या वर्गातल्या, क्लासला न जाणाऱ्या एखाद्या मैत्रिणीचं नाव घेऊन बोला. माणसं प्रस्तावाबद्दल कठोर होतात, ओळखीच्या मुलीबद्दल सहसा होत नाहीत.

शाळा बदलू नका, निदान या कारणासाठी आत्ता तरी नको. नवी शाळा, नवी बस, तुटलेल्या मैत्रिणी, हे सगळं सोसून तिथे कलेचे तास टिकतीलच याची खात्री नाही. मतदान तुमच्या विरोधात गेलं तरी पाचवी ते सातवीचे तास तसेच राहतील, असं लेखी घ्या आणि दिवाळीनंतरच्या बैठकीत विषय पुन्हा काढा.

पत्राचा मसुदा असा करता येईल, त्यात तुमच्या शाळेप्रमाणे फेरफार करा:

‘‘माननीय मुख्याध्यापिका, आठवी ते दहावीचे संगीत व चित्रकलेचे तास कमी करण्याच्या प्रस्तावाबाबत आम्हा पालकांच्या काही शंका आहेत. फाउंडेशन कोर्सला आमचा विरोध नाही, तो ऐच्छिक आणि शाळेच्या वेळेबाहेर असावा अशी विनंती आहे. आमच्या वर्गांतली अनेक मुले शाळेबाहेर कलाशिक्षण घेऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी दर आठवड्याला संगीत व चित्रकलेचा किमान प्रत्येकी एक तास, नियमित शिक्षकांसह, कायम ठेवावा. कला विषयाच्या श्रेणी कशा दिल्या जातील, निदेशकांची नेमणूक कशी राहील आणि नव्या कोर्सचा खर्च कोण करेल, याची माहिती बैठकीपूर्वी मिळावी. हा विषय विषयपत्रिकेवर घेऊन संगीत व चित्रकलेच्या शिक्षकांनाही त्या वेळी बोलावावे.’’

दोन प्रती काढा. बैठकीच्या निदान आठवडाभर आधी कार्यालयात एक प्रत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.